कॉफमन स्टेडियम: बसायला उत्तम, पोहोचायला गाडीच हवी

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, कॅन्सस सिटीच्या कॉफमन स्टेडियमला बेसबॉल बघायला पहिल्यांदा जाणार असाल तर तिकीट तिसऱ्या बेसच्या, म्हणजे बॅटरमागून बघताना डावीकडच्या, बाजूचं काढा. संध्याकाळच्या मॅचला सूर्य त्या स्टँडच्या मागे उतरतो आणि सावली आधी तिथे येते. पहिल्या बेसच्या आणि राइट फिल्डच्या बाजूला बसलात तर पहिल्या तीन-चार इनिंग डोळ्यांवर हात धरून बघाव्या लागतात. मिसूरीतलं जुलैचं ऊन नागपूरच्या मे महिन्याइतकं कडक नसलं तरी दमट असतं. आई-वडील भारतातून आले असतील, लहान मुलं बरोबर असतील, तर थोडं वर बसावं लागलं तरी चालेल, पण तिसरा बेस सोडू नका.

मी गेली सतरा वर्षं कॅन्सस सिटीच्या आग्नेयेला लीज समिटमध्ये राहतो आणि एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करतो. रॉयल्सच्या, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमच्या, वर्षाला दहा-बारा मॅच स्टेडियमवर जाऊन बघतो. आधी एकटा जायचो, आता तेरा वर्षांची लेक बरोबर असते. ती शाळेत सॉफ्टबॉल खेळते आणि माझ्यापेक्षा तिला खेळ जास्त कळतो. 9 ऑक्टोबर 2024 ला न्यूयॉर्क यँकीजविरुद्धच्या प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, मॅचला आम्ही दोघं होतो. या मैदानावर प्लेऑफची मॅच 2015 नंतर पहिल्यांदाच होत होती. नऊपैकी आठव्या इनिंगपर्यंत बरोबरी होती. मग यँकीजच्या जियानकार्लो स्टँटनने होम रन, म्हणजे सिक्सरसारखा कुंपणापलीकडचा फटका, मारला आणि आपण 3-2 ने हरलो. दुसऱ्या दिवशी 3-1 ने हरून सीझनही संपला. 2023 मध्ये याच टीमने 106 मॅच हरल्या होत्या. 2024 मध्ये 86 जिंकल्या, आणि आमचा बॉबी विट ज्युनिअर .332 च्या (म्हणजे साधारण दर तीन प्रयत्नांत एक हिट) बॅटिंग सरासरीने लीगमध्ये पहिला आला. परतीच्या वाटेवर लेक रडत होती, पण पुढच्या वर्षीच्या तिकिटांचं बोलणंही तिनेच काढलं.

आणि त्याच वाटेवर तिने तो जुना प्रश्न पुन्हा विचारला, "पप्पा, हे स्टेडियम पाडणार का?"

2022 च्या नोव्हेंबरमध्ये टीमचे मालक जॉन शर्मन यांनी चाहत्यांना खुलं पत्र लिहून डाउनटाउनमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यभागी, नवं स्टेडियम बांधायचं सांगितलं. तेव्हापासून हा प्रश्न या गावातल्या प्रत्येक घरात आहे. म्हणून स्टेडियमबद्दल लिहायचं तर नव्या स्टेडियमच्या वादाबद्दलही लिहावं लागेल. ज्यांच्या शेजारी बसून मी मॅच बघतो ती माणसं तेव्हापासून याच विषयावर भांडत आहेत.

आधी स्टेडियमबद्दल.

हे 1973 च्या एप्रिलमध्ये उघडलं. त्या काळात अमेरिकेत फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही एकाच जागी खेळता यावेत म्हणून काँक्रीटचे गोल वाडगे बांधायची लाट होती. त्यातले बहुतेक वाडगे पुढे पाडले गेले. कॅन्सस सिटीने शेजारी-शेजारी दोन स्टेडियम बांधली, चीफ्सच्या फुटबॉलसाठी ॲरोहेड आणि रॉयल्सच्या बेसबॉलसाठी हे. फक्त बेसबॉलसाठी बांधल्यामुळे इथे कुठेही बसा, तुमची खुर्ची खेळाकडे वळलेली असते. मी सगळ्यात वरच्या मजल्यावर शेवटच्या रांगेतही बसलोय. तिथूनही पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, हातातून सुटलेला बॉल वळताना दिसतो. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधल्या जुन्या स्टेडियमांमध्ये आज याचा पाचवा क्रमांक लागतो, पण आत शिरल्यावर तसं वाटत नाही. 2009 मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीवर 25 कोटी डॉलर खर्च झाले. तेव्हाच आउटफिल्डच्या बाजूने चालायची रुंद वाट झाली. आता मॅच चालू असताना सगळ्या मैदानाला चक्कर मारता येते.

पण लोक येतात ती कारंजी बघायला. कॅन्सस सिटीला कारंज्यांचं शहर म्हणतात. या मैदानाच्या राइट सेंटरच्या कुंपणामागे 322 फूट लांबीचा पाण्याचा पडदा आहे. मॅचच्या आधी, इनिंगच्या मधल्या वेळेत आणि रॉयल्सच्या होम रननंतर तो उसळतो. अंधार पडल्यावर त्यात दिवे लागतात. त्याच्या शेजारी मुकुट घातलेला 105 फूट उंचीचा स्कोअरबोर्ड. माझी आई तीन वर्षांपूर्वी आली होती. खेळातलं तिला एक अक्षर कळलं नाही, पण ती नऊ इनिंग त्या पाण्याकडे बघत बसली आणि निघताना म्हणाली, "आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावाला असं काही करायला हवं." मैदानही मोठं आहे, मध्यभागी 410 फूट. इथे होम रन स्वस्तात मिळत नाही. बॉल कुंपणापर्यंत घरंगळत जातो आणि विटसारखा पळणारा माणूस दोन-तीन बेस घेऊन मोकळा होतो. मला बेसबॉल आवडायला लागला तो अशा धावण्यामुळे. त्यात थोडी क्रिकेटची एकेरी-दुहेरी दिसते.

होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरच्या जागेच्या, मागे निळ्या खुर्च्यांमध्ये एकच लाल खुर्ची आहे. ती बक ओ'नील यांची. काळ्या खेळाडूंना मेजर लीगची दारं बंद होती तेव्हा ते कॅन्सस सिटी मोनार्क्स या काळ्या खेळाडूंच्या टीमकडून खेळले. पुढे मेजर लीगमधले पहिले काळे कोच झाले, आणि काळ्या खेळाडूंच्या त्या वेगळ्या लीगचं नीग्रो लीग्स बेसबॉल म्युझियम उभं राहावं म्हणून आयुष्य वेचलं. म्हातारपणी ते इथेच बसून मॅच बघायचे. 2006 मध्ये ते गेले. आता प्रत्येक मॅचला समाजासाठी काही केलेल्या एका माणसाला त्या खुर्चीवर बसवतात. थोर खेळाडूंचा मान करणाऱ्या बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमने त्यांना घेतलं 2022 मध्ये, सोळा वर्षं उशिरा. लेकीला मी पहिल्यांदा आणलं तेव्हा आधी ती खुर्ची दाखवली, मग हॉट डॉग घेऊन दिला.

खाण्याचं लवकर आटोपतो. बार्बेक्यू चांगलं मिळतं, बर्न्ट एंड्स (मांसाचे कडेचे खरपूस तुकडे) जरूर खा. शाकाहाऱ्यांसाठी फार काही नाही, पण घरचं खाणं आणि पाण्याची सीलबंद बाटली आत नेता येते, ही इथली मोठी सोय आहे. आमच्या डब्यात मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी असते. मागच्या रांगेतले एक आजोबा आता आपला वाटा हक्काने मागतात.

नावाबद्दल एक सांगतो, कारण ते माझ्या धंद्याशी जोडलेलं आहे. ज्यांच्या नावाचं हे स्टेडियम, ते यूइंग मॅरियन कॉफमन औषधविक्रेते होते. 1950 मध्ये त्यांनी घराच्या तळघरात मॅरियन लॅबोरेटरीज सुरू केली. एकट्या माणसाचा धंदा आहे हे गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून कंपनीला मधलं नाव दिलं. शिंपल्यांच्या पुडीतून केलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी ती वाढली. त्या पैशातून त्यांनी 1969 साली गावाला रॉयल्स दिले. 1993 च्या जुलैमध्ये स्टेडियमला त्यांचं नाव दिलं आणि महिन्याभरात ते वारले. पण जाण्याआधी त्यांनी आपल्यामागे टीम गावाबाहेर विकली जाणार नाही अशी तजवीज करून ठेवली. टीम जाईल या भीतीने आज इथली माणसं का घाबरतात ते कळायचं असेल तर ही तजवीज लक्षात ठेवावी लागते.

आता उणीव. एकच आहे, पण मोठी आहे. स्टेडियम डाउनटाउनपासून सात-आठ मैलांवर, आय-70 आणि आय-435 या दोन महामार्गांच्या बेचक्यात आहे. भोवती पार्किंगचा डांबरी समुद्र. रेल्वे नाही, ट्राम नाही. पायी जायचं म्हटलं तर आसपास जावं असं काही नाही. गाडी असेल तर इथे येण्याइतकं सोपं काही नाही. माझ्या घरापासून वीस मिनिटं लागतात. गाडीमागे टेबल मांडून, शेगडी पेटवून लोक मॅचच्या आधी तीन-तीन तास गप्पा मारतात. तीही इथली एक जत्राच आहे आणि मला ती आवडते. पण गाडी नसेल तर हे स्टेडियम तुमचं नाही.

हे मला माझ्या फार्मसीतल्या एका सहकारी बाईंनी दाखवून दिलं. त्या शहराच्या पूर्व भागात राहतात आणि बसने कामावर येतात. रॉयल्सचा प्रत्येक स्कोअर त्यांना पाठ असतो, कारण त्या रेडिओवर ऐकतात. जन्मापासून या गावात राहून त्या कॉफमनला दोनदाच गेल्या आहेत. त्यांचे वडील मात्र बाविसाव्या रस्त्यावरच्या म्युनिसिपल स्टेडियमला चालत जायचे. मोनार्क्स तिथेच खेळले. रॉयल्सही पहिली चार वर्षं तिथेच खेळले. मग टीम महामार्गावर गेली, 1976 मध्ये जुनं स्टेडियम पाडलं, आणि त्या वस्तीचा आणि बेसबॉलचा पायी चालण्याचा संबंध संपला.

हे ऐकताना मला आमचं नागपूर आठवलं. 31 ऑक्टोबर 1987. बाबा मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून धरमपेठेतून सिव्हिल लाइन्सला व्हीसीएच्या (विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या) ग्राउंडवर घेऊन गेले. मी दहा वर्षांचा होतो. त्या दिवशी न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली, तिघांच्याही दांड्या उडवल्या, आणि सुनील गावसकरने एकदिवसीय सामन्यातलं आपलं एकमेव शतक ठोकलं. मला शतकाइतकीच नंतरची संध्याकाळ आठवते. सगळं ग्राउंड चालत बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, उतरलं. चहाच्या टपऱ्या, पानठेले, हॉटेलं, सगळीकडे तीच मॅच पुन्हा खेळली जात होती. बाबांनी एका अनोळखी माणसाशी तासभर चेतन शर्माच्या यॉर्करवर चर्चा केली. 2008 मध्ये कसोटी क्रिकेट जामठ्याला गेलं, वर्धा रोडवर, शहरापासून पंधरा-वीस किलोमीटर. जामठ्याचं स्टेडियम देखणं आहे, मोठं आहे. बाबा तिथे एकदाच गेले. पुढे खापरीपर्यंत मेट्रो आली, पण तोवर त्यांचं वय झालं होतं. आता ते टीव्हीवर बघतात.

म्हणून डाउनटाउनचा प्रस्ताव आला तेव्हा मी मनाने त्याच्या बाजूने होतो. शहराच्या मध्यभागी ट्राम आहे, तीही फुकट. मॅच संपली की माणसं रस्त्यावर उतरतील, जेवतील, भांडतील. लेकही म्हणायची, "मला अजून तीन वर्षं गाडी चालवता येणार नाही, पण ट्राममध्ये बसता येतं ना?"

मग 13 फेब्रुवारी 2024 ला जागा जाहीर झाली. त्याआधी सहा महिने डाउनटाउनमधलं ईस्ट व्हिलेज आणि नदीपलीकडचं नॉर्थ कॅन्सस सिटी या दोन जागांची चित्रं दाखवत होते. निवडली तिसरीच, क्रॉसरोड्स. तिथे कॅन्सस सिटी स्टार या वर्तमानपत्राचा बंद पडलेला काचेचा छापखाना आहे, पण फक्त तेवढाच नाही. भोवती जुन्या विटांच्या इमारतींमध्ये चित्रकारांचे स्टुडिओ, छोटी रेस्टॉरंटं, दुकानं आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सगळ्या गॅलऱ्या रात्री उघड्या असतात आणि निम्मं गाव तिथे फिरतं. पडीक भाग होता तेव्हा या लोकांनी तो उभा केला. आता त्यातल्या काहींना उठावं लागणार होतं आणि मतदान होतं सात आठवड्यांवर, 2 एप्रिलला.

मत कशावर होतं तेही नीट सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं लोकांनी बेसबॉललाच नाही म्हटलं. आमच्या जॅक्सन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) प्रत्येक डॉलरच्या खरेदीमागे तीन-अष्टमांश सेंट विक्रीकर दोन्ही स्टेडियमांसाठी घेतात. त्याची मुदत 2031 पर्यंत. तो कर रद्द करून तेवढाच नवा कर 40 वर्षांसाठी लावायचा, त्यातून रॉयल्सचं नवं स्टेडियम आणि ॲरोहेडची दुरुस्ती करायची, असा प्रश्न होता. मालक आपले 1 अब्ज डॉलर घालू म्हणत होते.

आमच्या स्टँडमध्ये तेव्हापासून तीन पक्ष पडले. आमच्यापुढे बसणारा एक तरुण डाउनटाउनमध्ये राहतो. त्याचं म्हणणं, कर वाढत नाहीये, आहे तोच राहतोय, आणि टीमच सांगते की कॉफमनच्या काँक्रीटला आतून रोग लागलाय, सिमेंट आणि खडीची रासायनिक क्रिया होऊन भेगा पडतायत, मग दुरुस्तीत पैसे का घालायचे? ठेपले मागणारे आजोबा म्हणतात, "मी इथे 1973 पासून बसतोय. माझ्या पायाखालचं काँक्रीट माझ्यापेक्षा धडधाकट आहे." त्यांना जुनंच हवं, गाडी लावायला जागा हवी, आणि नातवंडांबरोबर मॅचच्या आधी शेगडी पेटवायची आहे. डाउनटाउनमध्ये गाडी कुठे लावायची, हा त्यांचा एकच सवाल आहे आणि त्याला मला कुणीही नीट उत्तर दिलेलं ऐकू आलं नाही. माझ्या सहकारी बाई तिसऱ्या पक्षात. त्यांना डाउनटाउन स्टेडियम मनापासून हवं होतं. तरी त्यांनी विरोधात मत दिलं. त्या म्हणाल्या, "हा कर दूध-पावावरही लागतो. मालकाच्या दुधावर जेवढा, तेवढाच माझ्याही."

काउंटीचे तेव्हाचे प्रमुख फ्रँक व्हाइट यांचाही विरोध होता. ते कोण हे माहीत असेल तर त्या विरोधाचं वजन कळतं. तरुणपणी त्यांनी मजूर म्हणून हेच स्टेडियम बांधायला हात लावला. मग रॉयल्सचे सेकंड बेसमन झाले, फिल्डिंगसाठी दिले जाणारे आठ गोल्ड ग्लव्ह जिंकले, 1985 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली. बाहेर त्यांचा पुतळा उभा आहे. त्या माणसाने जानेवारीत हा प्रश्न मतपत्रिकेवर जाऊ नये म्हणून नकाराधिकार वापरला. काउंटीच्या विधिमंडळाने तो उलटवला. आजोबांचा तरुणाशी वाद झाला की ते पुतळ्याच्या दिशेने बोट दाखवतात आणि गप्प बसतात.

मी मतदानाला गेलो तेव्हा हातात पेन घेऊन बराच वेळ उभा होतो. मला शहरातलं स्टेडियम हवं होतं आणि आजही हवं आहे. पण मी स्वतःला एक प्रश्न विचारला. बाबा मला मॅचनंतर बर्डीवर ज्या टपऱ्यांवर घेऊन गेले, त्या पाडून तिथे ग्राउंड केलं असतं, तर मॅच संपल्यावर आम्ही कुठे गेलो असतो? क्रॉसरोड्स हीच या गावाची बर्डी आहे. स्टेडियम तिच्या शेजारी हवं. तिच्या जागेवर नको. ओक नावाचा रस्ता बंद होणार की उघडा राहणार हे शेवटच्या काही दिवसांपर्यंत बदलत होतं. 40 वर्षांची सही इतक्या घाईत करवत नाही. मी 'नाही'वर खूण केली. काउंटीतल्या 58 टक्के लोकांनी तेच केलं.

त्यानंतर जूनमध्ये शेजारच्या कॅन्सस राज्याने कायदा केला की स्टेडियम आमच्याकडे बांधा, 70 टक्क्यांपर्यंतच्या खर्चासाठी आम्ही रोखे काढू. तेव्हा सीमेपलीकडच्या जागांची चर्चा सुरू झाली. माझ्या मताने टीम राज्याबाहेर गेली तर? ही भीती मला आहे. समोरचा तरुण मला हे सुनावतोही, आणि त्याचा राग मला समजतो. तरीही तेच मत पुन्हा देईन. ईस्ट व्हिलेजच्या मोकळ्या पार्किंगच्या जागा मतदानानंतरही तिथेच होत्या. कुणाचं दुकान न पाडता, पक्का आराखडा आणि पक्का करार घेऊन कुणी आलं तर पहिलं 'हो' माझं असेल, आणि सहकारी बाईंना घेऊन ट्रामने पहिल्या मॅचला जाईन.

टीमचा करार 2031 च्या जानेवारीत संपतो, म्हणजे करारानुसार कॉफमनमध्ये 2030 च्या सीझनपर्यंत खेळ आहे. तोवर इथे जरूर या. 2014 च्या 30 सप्टेंबरला ओकलंडविरुद्ध आठव्या इनिंगमध्ये 7-3 ने मागे असताना आजूबाजूचे काही लोक उठून गाडीकडे निघाले होते. आम्ही थांबलो. मध्यरात्रीच्या सुमारास, बरोबरीमुळे लांबलेल्या मॅचच्या बाराव्या इनिंगमध्ये, साल्व्हाडोर पेरेझने बॉल तिसऱ्या बेसच्या रेषेवरून धाडला आणि रॉयल्स 9-8 ने जिंकले. बॉल आमच्या समोरून गेला. मागचे आजोबा तेव्हा सत्तरीचे होते, ते खुर्चीवर उभे राहिले.

मॅच संपली की लगेच गाडीकडे पळू नका. पार्किंगमधून बाहेर पडायला तसाही वेळ लागतो. अर्धा तास खाली आउटफिल्डच्या वाटेवर कारंज्यांपाशी थांबा. गर्दी ओसरते, ब्लू रिज कटऑफवरच्या गाड्यांची रांग कमी होते, आणि पाण्याचे शिंतोडे मुलांच्या अंगावर उडतात. लेकीचा आणि माझा डबा तोवर रिकामा झालेला असतो, आणि आजोबा त्यांच्या नातवाला विट तिसऱ्या बेसवर घसरून कसा पोहोचतो ते हातवारे करून दाखवत असतात.